लाल बाटली आणि वर्षाचा मसाला

माझं नाक गेलं ते संक्रांतीनंतर. म्हणजे आहे तिथेच आहे, चष्मा अजून त्याच्यावरच टेकतो. वास तेवढा गेला. साधी सर्दी झाली, पाहुणीसारखी राहिली आणि निघताना पदराखाली चमचा लपवून न्यावा तसा वास घेऊन गेली. मला कळलं ते दूध करपल्यावर. मी गॅसपासून हातभर अंतरावर, मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत उभी होते. बाथरूममधून आमचे हे ओरडले, "अगं, काय जळतंय?"

मी पातेल्यात डोकावले. तळ डांबरी रस्त्यासारखा झाला होता.

"काही नाही," मी म्हणाले, "खरवड करतेय. पोरीला आवडते."

पोरगी तेव्हा पुण्यात, तिच्या ऑफिसात होती.

बाजाराला जाते म्हणून सांगून मी एकटीच नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी नळी घालून बघितलं, गोळ्या दिल्या. "येईल परत," म्हणाले. "वेळ लागतो. कधीकधी मात्र..." पुढचं वाक्य त्यांनी टेबलावरच्या पेपरवेटला सांगितलं, मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

तेव्हापासून मी घरभर हुंगत फिरायला लागले. सकाळी उठल्याबरोबर आधी कापूर. मग हिंगाची डबी. मग ह्यांचा कालचा शर्ट, जो तीस वर्षं मी नाक मुरडून बादलीत टाकत आले, तो आता तोंडावर धरून उभी राहायचे. काही नाही. कोऱ्या कागदासारखं. भाजी चिरताना मध्येच उठून लसूण ठेचायचा आणि हुंगायचा, टीव्ही बघताना उठून साबण. मासळीवाली म्हणायची, "ताई, ताजा आहे, वास घेऊन बघ," आणि मी शहाण्यासारखी गलफडं उघडून रंग बघायचे. जेवणात खारट, आंबट, गोड, कडू, तिखट एवढं कळायचं. बाकी सगळं नुसतं गरम किंवा मऊ.

कुणाला सांगितलं नाही, कारण मसाला.

आमच्या सासरी माझं ज्यात ऐकलं जातं असा विषय एकच, वर्षाचा मसाला. बाकी घर कुठे घ्यायचं, पोरीला कुठे शिकवायचं, फ्रिज कुठल्या रंगाचा, ह्या सगळ्यात मी मत दिलं आणि लोकांनी ते आदराने बाजूला ठेवलं. पण उन्हाळ्यात मिरच्या वाळायला पडल्या की मी राणी. आमचं घर, उल्हासनगरला धाकट्या दिरांचं आणि वांगणीला नणंदेचं, तिन्ही घरांचा मसाला माझ्या हातचा. सासूबाई होत्या तोवर त्यांचा होता. त्यांनी मला शिकवलं ते असं, की कढईजवळ उभं करायच्या, धणे टाकायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मीट. सांग कधी उतरवू." मोजमाप नाही, घड्याळ नाही. धणे, जिरं, दगडफूल, दालचिनी, प्रत्येकाचा भाजण्याचा एक क्षण असतो आणि तो नाकालाच कळतो. क्षणभर आधी उतरवलं तर कच्चट, क्षणभर नंतर कडू. आणि मग तीन घरांनी वर्षभर तेच खायचं. आमच्या बदलापुरात, मांजर्लीत, पुराचं पाणी शिरायच्या दिवसांत लोक टीव्ही, कागदपत्रं माळ्यावर चढवतात. मी आधी मसाल्याची बरणी चढवते.

तर होळी झाली, ऊन चढलं, आणि उल्हासनगरहून माझ्या जाऊबाईचा फोन. "ताई, मिरच्या कधी आणायच्या? रविवारी येते, ठरवून टाकू." मी हो म्हणाले आणि उठून परत कापूर हुंगला.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, पोरगी पुण्याहून आली. ऑफिसच्या लोकांबरोबर ती नाशिककडे द्राक्षांच्या मळ्यात जाऊन आली होती. तिथे वाइन कशी चाखायची ते शिकवतात म्हणे. येताना एक बाटली आणि दोन उंच दांड्याचे ग्लास घेऊन आली.

"रेड ब्लेंड आहे," ती म्हणाली. "स्वस्तातली आहे बाबा, पण वाईट नाही. आज तुम्हाला दोघांना शिकवते."

आमच्या घरी दारू म्हणजे हळदीच्या दिवशी पुरुषांनी गच्चीवर बसायचं आणि बायकांनी खालून सुकट भाजून वर पाठवायची, एवढंच. मी कधी तोंडाला लावली नव्हती. पण पोरगी एवढी उत्साहात, आणि ह्यांचा चेहरा तर शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा.

"ही रूम टेम्परेचरला प्यायची," पोरगी म्हणाली.

"कुठल्या रूमच्या?" ह्यांनी विचारलं. "आपल्या रूमच्या टेम्परेचरला चहा होईल तिचा."

बदलापूरचा मार्च तो. बाटली फ्रिजमध्ये गेली, अर्ध्या तासाने बाहेर आली. मला आणि तिला उंच ग्लास, ह्यांना पाण्याचा.

"आधी रंग बघायचा. मग ग्लास असा गोल फिरवायचा. मग नाक आत घालायचं आणि जे आठवेल ते सांगायचं. चूक-बरोबर काही नसतं."

ह्यांनी ग्लास फिरवला तो थेट बनियनवर. उरलेल्यात नाक घातलं, डोळे मिटले आणि खूप विचार करून म्हणाले, "थिनर."

आमचे हे अंबरनाथला रंगाच्या कंपनीत आहेत. इतकी वर्षं तिथे काढल्यावर त्यांना जगातल्या सगळ्या वासांचे दोनच प्रकार माहीत, थिनर आणि थिनर नसलेलं.

"आई, तुला?"

मी ग्लासात नाक घातलं. अगदी भुवयांपर्यंत घातलं. माझ्या मनात काय चाललं होतं ते मी सांगत नाही, पण त्या क्षणी मी तुळजाभवानीला एक साडी कबूल केली. काही नाही. गार काच फक्त.

पोरगी बघत होती. मी वेळ काढायला एक घोट घेतला.

आणि गंमत म्हणजे, जिभेला खूप काही कळलं. आधी जिभेच्या कडांना आंबट. मग मधे काहीतरी भरीव, साय खाल्ल्यासारखं. आणि घोट खाली उतरल्यावर हिरड्या, गाल, टाळू, सगळं आतून आक्रसलं, दात खरखरीत झाले. हे मला ओळखीचं होतं. बारवी धरणाच्या बाजूला आमच्या मामांचं घर होतं, तिथे जूनच्या तोंडावर अर्धवट पिकलेली जांभळं खाऊन आम्ही जीभ बाहेर काढून एकमेकांना दाखवायचो. अगदी ते.

"जांभूळ," मी म्हणाले. "पूर्ण पिकलेलं नाही. आणि मागून कोरा चहा, फार वेळ झाकून ठेवलेला."

पोरीने बाटली फिरवून मागची चिठ्ठी वाचली आणि किंचाळली. "बाबा! जांभूळच लिहिलंय! आई, तुझं नाक काय आहे गं! तिथे आमच्यातल्या कुणालाच नव्हतं आलं."

"मग," हे म्हणाले. "तीन घरांचा मसाला काय उगाच करते?"

मी हसले आणि ग्लास खाली ठेवला.

पोरगी मग सांगत बसली. ह्या बाटलीत एका जातीचं द्राक्ष नाही, तीन आहेत. एक रंगाला चांगलं पण चवीला फिकं. दुसऱ्यात तुरटपणा आणि मिरीसारखा झटका, एकटं प्यायलं तर तोंड वाकडं होईल. तिसरं मऊ, गोडसर, दोघांना धरून ठेवणारं. त्या मळ्यातली वाइन बनवणारी बाई छोट्या छोट्या ग्लासात प्रमाण बदलून मिसळते, चाखते, ओतून देते, परत मिसळते. महागड्या बाटलीत एका द्राक्षाचा तोरा असतो. स्वस्तातली अशी मिसळूनच उभी करावी लागते आणि, पोरगी म्हणाली, तिथेच खरी कसोटी असते.

"म्हणजे बेडगी, लवंगी आणि काश्मिरी," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"बेडगी रंगाला. लवंगी झटक्याला. काश्मिरी दोघींत भांडण होऊ नये म्हणून."

ती माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघायला लागली, की मी उठून गॅस पुसायला घेतला. दुसरा घोट मी ओट्याशी उभी राहून, चकलीबरोबर घेतला. तेलकट चकलीनंतर तोच तुरटपणा एकदम मवाळ झाला. चकली नसती तर कळलं नसतं. मला ती वाइन आवडायला लागली होती, खरंच. पूर्ण कळत नसलेलं माणूस आवडावं तशी.

आता रविवार.

सकाळी मी फ्रिज उघडला तेव्हा वाइनची बाटली दिसली नाही. खिडकीत बघितलं तर ती रिकामी, धुतलेली, आणि तिच्यात मनी प्लांटची फांदी. मला वाटलं, बापलेकींनी मी झोपल्यावर संपवली. वास्तविक झालं होतं असं, की ती उंच बाटली आमच्या फ्रिजच्या दारात बसेना. आडवी ठेवली तर सांडेल, म्हणून ह्यांनी उरलेली सगळी वाइन सरबताच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतून ठेवली. आमच्या घरात कुठलीच बाटली एका जन्मात संपत नाही. फिनेल आधी तेल होतं, तेल आधी मध होता. त्या सरबताच्या बाटलीची जुळी बहीण शेजारीच उभी होती, तिच्यात कोकणातून आलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. रंग तोच. आणि सांगायचं कुणाला सुचलं नाही, कारण कुठल्याही शहाण्या बाईला बूच उघडल्याबरोबर कळलं असतं.

जाऊबाई अकराच्या सुमाराला आली. येताना तिच्या शेजारणींकडून सिंधी पापडांचा गठ्ठा आणि मिरच्यांचे भाव घेऊन आली. ती कापडाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईकाने तोंड उघडायच्या आत तिला त्याचा खिसा कळतो. मला तिची थोडी भीतीच वाटते.

"ताई, बारीक झालीस," ती दारातच म्हणाली. "खात नाहीस का?"

"उन्हाळा," मी म्हणाले.

बांगड्याचं कालवण, भात आणि सोलकढी असा बेत होता. नारळाचं दूध काढलं, लसूण-मिरची वाटून घातली, आणि बाटली काढून आगळ ओतलं. रंग गुलाबी यायच्या ऐवजी जांभळट आला. चाखलं. आंबटपणा कमी. म्हटलं, आगळ जुनं झालं, उतरलं. अजून ओतलं. खारटपणाही कमी. मीठ घातलं. अजून ओतलं. किंचित तुरट लागत होतं, पण मला हल्ली सगळंच किंचित काहीतरी लागतं. शेवटी बाटली उलटी करून संपवली, वरून कोथिंबीर भुरभुरली आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं.

जेवायला बसलो. जाऊबाई उन्हातून आलेली, बसल्या बसल्या अर्धा पेला कढी घटाघट प्यायली. मग थांबली. पेल्यात बघितलं.

"ताई, आज कढीत काय घातलंस?"

"काय घालणार? नेहमीचंच. आगळ जुनं आहे जरा."

"जुनं?" ती म्हणाली. "म्हातारं झालंय. कानातून वाफा निघतायत माझ्या."

पोरीने पेला उचलला, नाकाशी नेला आणि तिथेच धरला. "आई," ती हळूच म्हणाली, "ही वाइन आहे."

ह्यांनी पेला हुंगला. "थिनर," म्हणाले, आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "अरे देवा. ती बाटली."

"नवीन रेसिपी आहे," मी म्हणाले. "मोबाइलवर बघितली."

जाऊबाई माझ्याकडे बघत होती, गिऱ्हाईकाकडे बघतात तशी. मग उठली, ओट्याकडे गेली. "डोळे मीट," म्हणाली.

"काय पोरखेळ लावलाय, जेव ना."

"मीट गं ताई."

मिटले. नाकाखाली काहीतरी धरलेलं कळलं, कारण नाकाच्या टोकाला टोचलं. मला वाटलं, ही हुशार आहे, काहीतरी साधंच धरलं असणार, मसाल्यातलं.

"वेलची," मी म्हणाले.

डोळे उघडले तर सुका बोंबील.

पोरगी तोंड दाबून हसायला लागली आणि मध्येच थांबली. जाऊबाईने बोंबील ताटाच्या कडेला ठेवला. तिचा चेहरा असा मऊ मी कधी बघितला नव्हता, मला तो बघवेना. "कधीपासून?" तिने विचारलं.

मी भात कालवत राहिले. उत्तर ह्यांनी दिलं. "खरवडीच्या दिवसापासून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोरगी पुण्यात आणि खरवड कुणासाठी?" हे म्हणाले. "मी काय एवढा हा आहे का?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलत नव्हतीस."

आणि तेव्हा मला ते पाणी पिणं आठवलं. गेले कित्येक दिवस हा माणूस घरी असला की सारखा स्वयंपाकघरात यायचा. पाणी प्यायचा, जायचा, परत यायचा, परत पाणी. मी वैतागून म्हणायचे, "मधुमेह तपासून घ्या एकदाचा." दरवेळी त्यांची नजर आधी गॅसच्या बटणांवर जायची. मला ते दिसत होतं आणि कळत नव्हतं. हे गॅसचा वास घ्यायला येत होते. माझ्या वाटचा.

मला रडू आलं, पण बांगड्याचा काटा घशात अडकल्याचं मी दाखवलं.

"मग मसाला?" जाऊबाईने शेवटी तो शब्द उच्चारलाच. "यंदा तयार आणायचा का? चांगला मिळतो हल्ली, पाकिटात."

"नाही."

"मग मी भाजू?"

"तू धणे जाळतेस."

"जाळत नाही, खमंग करते!"

"सासूबाईंनी तुझे धणे कावळ्यांना घातले होते."

"कावळ्यांनी खाल्ले ना पण!"

आम्ही दोघी तावातावाने बोलायला लागलो आणि त्यानेच जरा बरं वाटलं. पण आत मात्र काहीतरी फडफडत होतं, घरात शिरलेल्या चिमणीसारखं. मसाला गेला तर ह्या घरात मी कोण? बाजूला ठेवलेली मतं देणारी बाई. पोरीने पापड मोडता मोडता म्हटलं, "आई, काल तुला वास येत नव्हता?"

"नाही."

"तरी तू जांभूळ ओळखलंस. फक्त जिभेने." ती जरा थांबली. "मग जीभ तुझी, नाक काकूचं. त्या वाइनवाल्या बाईसारखं, थोडं थोडं मिसळून बघा ना."

"आणि मी?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही थिनर," आम्ही तिघी एकदम म्हणालो.

पाडव्यानंतर जाऊबाई परत आली. पोरगी तसलीच नवी लाल बाटली घेऊन आली, कारण काकूने बजावलं होतं, "कढीत पडली ती आण, आता तशीच नीट पिऊन बघते." ती दुपार मी विसरणार नाही. बाहेर ऊन भाजत होतं, आत कढई. मला एका जागी उभं राहवेना. एरवी मी कढईवर आणि बाकी सगळे लांब; आज जाऊबाई कढईवर आणि मी तिच्या खांद्यावरून.

"आता?"

"नाही."

"तडतडायला लागले. आता?"

"थांब गं ताई, कानात ओरडू नकोस!"

"रंग बदलला बघ, उतरव!"

"वास नाही सुटला अजून. सुटतोय... सुटला. धर परात, धर!"

परात मी घाईने पुढे केली, अर्धे धणे जमिनीवर. पण उरलेल्यातला एक मी चावून बघितला. कडू नव्हता. जाऊबाईने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि ती अशी फुशारली की बोलायची सोय राहिली नाही. दालचिनीला आमचं भांडण झालं. दगडफुलाला तिने घाई केली, ते टाकून परत भाजलं. मधे मधे स्टीलच्या वाटीतून ती वाइनचा घोट घ्यायची आणि सिंधी शेजारणींच्या थाटात म्हणायची, "साईं, जांभूळ तर मलापण लागतं. तू काही विशेष नाहीस."

मिरच्यांना मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. थोडी थोडी पूड मिक्सरवर करून, भाजलेला मसाला सारखाच ठेवून, तीन वाट्यांत तीन प्रमाणं घातली. पहिल्या वाटीत बेडगी जास्त. जीभ लावली, रंग नवरीसारखा, पण तिखट उशिरा येऊन लगेच जाणारं. दुसरीत लवंगी चढवली. ठसका बसला, डोळ्यांत पाणी आलं. ठसका माझ्या वाट्याचा अजून शिल्लक आहे, तो वासाबरोबर गेला नाही, ह्याचं मला वेड्यासारखं बरं वाटलं. तिसऱ्या वाटीत काश्मिरी वाढवून दोघींना एकत्र बसवलं. जिभेवर आधी उबदार, मग हळूहळू चढत जाणारं, मग घशात थांबणारं. माझ्या मते हेच. पण वास? वासाशिवाय मी कशी सही करणार?

जाऊबाई म्हणाली दुसरी. पोरगी म्हणाली पहिली. दोघी आपापल्या वाटीला चिकटल्या. तिसरी वाटी मी उचलली, परत ठेवली, परत उचलून नाकाला लावली, नुसत्या सवयीने. कोरा कागद.

हे तेवढ्यात पाणी प्यायला आत आले होते. गॅसच्या बटणांकडे बघून झालं. मी तिसरी वाटी त्यांच्यापुढे धरली. "बघा. आणि थिनर म्हणालात तर घराबाहेर काढीन."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. वाटी घेतली, हुंगली. परत हुंगली, आत खोल. आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. माझा जीव वाटीएवढा झाला होता. नुसते वाटी हातात घेऊन उभे.

"अहो, काय ते सांगा ना!"

"भाकरी आहे का गं?" ते म्हणाले.

जाऊबाईने हट्ट सोडून आपली दुसरी वाटी तिसरीत उपडी करायला उचलली, मी तिचा हात धरला. "एक चमचा," मी म्हणाले. "जास्त नाही." तिने एकच घातला. मग मी पिठाचा डबा काढला.